घशाखालच्या पिशवीचं ऑपरेशन ठरवण्याआधी

बेरियमच्या (पांढरं औषध पाजून काढलेल्या एक्स-रेच्या) रिपोर्टवर ‘झेंकर डायव्हर्टिक्युलम’, म्हणजे घसा आणि अन्ननलिका जुळतात तिथे बाहेर फुगलेली पिशवी, असं आलं की आधी घरातच बघायचं: त्रास आहे का, आणि किती? पिशवी लहान असेल, भलत्याच तपासणीत सापडली असेल आणि जेवण नीट जात असेल, तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. म्हणून आठवडाभर वही ठेवा. भाकरीच अडकते की पातळ वरणही? न पचलेलं अन्न जेवणानंतर किती वेळाने तोंडात येतं? झोपेत ठसका लागतो का, सकाळी उशीवर अन्नाचे कण दिसतात का? वजन उतरलंय का, तेही लिहा. मागे न्यूमोनिया झाला असेल तर तो कागद शोधून फाइलला लावाच. अन्न श्वासनलिकेत जात असेल तर ‘आता या वयात कशाला’ म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं.

अन्ननलिकेत खालीही पिशवी होऊ शकते, पण ती झेंकर नव्हे. ती छातीत मधोमध असेल तर क्षयाच्या जुन्या गाठींचा इतिहास सांगा. खाली पोटाजवळ असेल तर अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री झाली आहे का, ते विचारा.

झेंकरमध्ये मूळ दोष गिळताना नीट न सैलावणाऱ्या स्नायूचा. तेव्हा सर्जनना विचारा: तो स्नायू कापणार ना? तोंडातून दुर्बिणीने की मानेवर छेद देऊन? तुमच्या हातून अशी किती ऑपरेशनं झाली? हे विचारताना संकोच नको. मान मागे वळत नसेल, तोंड पुरेसं उघडत नसेल, दात हलत असतील तर तेही आत्ताच सांगा. ताठ दुर्बीण घालायची की लवचिक, हे त्यावरही ठरतं.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘अन्ननलिकेच्या तोंडाशी पिशवी आहे.’ दुर्बीण किंवा नाकातून पोटात जाणारी नळी वाट चुकून पिशवीत शिरली तर छिद्र पडू शकतं. नर्सची पाळी बदलली की पुन्हा सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा की उपाशी राहूनही पिशवीत जुनं अन्न उरतं. आदल्या एकदोन दिवसांत फक्त पातळ घ्यायचं का, हेही त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, मानेवर सूज, किंवा दाबल्यावर त्वचेखाली करकर जाणवली, तर तोंडावाटे काहीही न देता तडक हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.