बेटावर बिऱ्हाड हलवण्याआधी

सामान बांधायला घेण्याआधी एक काम करा. ज्या बेटावर वर्ष-दोन वर्षं राहायचं म्हणताय, तिथे भर पावसाळ्यात दोन-तीन आठवडे राहून या. कोरड्या ऋतूत बेट कोणालाही आवडतं. पावसाळ्यात बोट चार-चार दिवस सुटत नाही, गाद्या ओलसर लागतात, चपलांवर पांढरी बुरशी धरते आणि दुकानातली फळी रिकामी झाली की पुढच्या फेरीपर्यंत रिकामीच राहते. हे सगळं पाहूनही तिथे राहावंसं वाटलं, तर पुढची तयारी मनापासून होईल. उष्ण कटिबंधातल्या बेटावर जाणाऱ्याने 'मागवून घेऊ' हे शब्दच मनातून काढून टाकावेत. तिथे आहे ते आहे, नाही ते पुढच्या बोटीला. ही सगळी यादी त्याच हिशेबाने केली आहे.

सुरुवात दातांपासून करा. किडलेला दात, त्रास देणारी अक्कलदाढ, जे काही 'बघू नंतर' म्हणून ठेवलंय ते निघण्याआधी उरकून टाका. लहान बेटांवर दाताचा डॉक्टर बहुधा नसतो, आणि दाढदुखीला बोटीचं वेळापत्रक कळत नाही. चष्म्याच्या दोन जोड्या घ्या, नंबरचा कागदही जवळ असू द्या. रोजची औषधं निदान तीन महिन्यांची घ्या, ती मूळ पाकिटातच ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. झोपेच्या गोळ्या आणि कडक वेदनाशामकं यांच्यावर काही देशांत बंधनं असतात, ते आधी विचारून घ्या. लसींसाठी निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. धनुर्वात, टायफॉइड, हेपटायटिस ए यांचं विचाराच. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागणार असेल, तर तो लस टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात हे लक्षात ठेवा. विमा काढताना एकच प्रश्न दोनदा विचारा : रुग्णाला विमानाने किंवा हेलिकॉप्टरने मोठ्या इस्पितळात हलवण्याचा खर्च यात आहे का? नसेल, तर दुसरा विमा शोधा.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, ती प्रत्येक देशाची वेगळी. पर्यटकाच्या व्हिसावर महिनोन् महिने काढता येतील असं मात्र गृहीत धरू नका. काही ठिकाणी आपल्याच देशातल्या बेटासाठी परवाना लागतो. लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही तो काढावा लागतो. एक गोष्ट मात्र कोणी आवर्जून सांगत नाही, म्हणून सांगतो. बुटांचे तळवे, तंबू, बागकामाची अवजारं घासून, धुऊन, वाळवून न्या, आणि बी-बियाणं, रोपं, माती मुळीच नेऊ नका. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालातून एक तपकिरी वृक्षसर्प येऊन पोचला. काही दशकांत त्याने तिथले जवळजवळ सगळे मूळचे रानपक्षी संपवले. ते रान आजही पक्ष्यांविना उभं आहे. बेटावरचं जग लहान असतं, आपल्या बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीही त्याला जड जाऊ शकते.

आता सामान. समुद्राकडे उघडणारी खिडकी मिळाली तर आधी तिची बिजागरी बघा. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटायला लागतं. कुलूप एका पावसात अडकतं, दुसऱ्यात किल्ली आतच मोडते. म्हणून कुलपं आणि कड्या पितळी घ्या, आणि स्क्रू-नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. नेहमी मिळणारं ३०४ समुद्रकाठी डाग धरतं. सुरी, कात्री, नटबोल्टचे पाने वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा. कपडे सुती, सैल आणि थोडेच घ्या. जाड जीन्स दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. चामड्याचं जमेल तेवढं घरीच ठेवा. कॅमेरा, हार्ड डिस्क, श्रवणयंत्र असल्या वस्तूंसाठी रबरी कडेचा हवाबंद डबा आणि ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल घ्या. खडे रंग बदलू लागले की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. बुरशी कॅमेऱ्याच्या भिंगात एकदा शिरली की जाळं विणते आणि काचेवर कायमची खूण ठेवते. कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा म्हणजे हवा खेळती राहील. पुस्तकं नेणार असाल तर ती खालच्या फळीवर ठेवू नका.

पाण्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बेटावरचं राहणं टिकतं की मोडतं ते टाकीवर ठरतं. आधी हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे पन्नास चौरस मीटरचं छप्पर असेल आणि वीस मिलिमीटरची सर आली, तर हजार लिटर. गळती, सांडणं, उडून जाणं धरून आठशे हाती लागलं म्हणा. उलट बाजूने बघा : दोघांना रोज माणशी पन्नास लिटर धरलं आणि कोरडा काळ साठ दिवसांचा असेल, तर सहा हजार लिटरची साठवण हवी. घर पाहायला जाल तेव्हा समुद्र किती दिसतो हे नंतर विचारा, टाकी किती लिटरची आहे हे आधी विचारा. मग शिडी लावून छपराची पन्हळ स्वतः बघा. पन्हळीत पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते, म्हणून पावसाचं पहिलं पाणी बाहेर सोडण्याची सोय हवी. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, आणि पिण्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच.

विहीर असेल तर तिच्याशी जपून वागा. सपाट प्रवाळ बेटांवर जमिनीखालचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारं एक पातळ भिंग असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असलं तर खाली साधारण चाळीस फूट असतं. पंप लावून वरचा एक फूट उपसला, की खालून खारं पाणी त्याच प्रमाणात वर सरकू लागतं, आणि एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला फार दिवस घेते. म्हणून पंप थोडा वेळ, थांबून थांबून चालवायचा. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र गावात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ४ डिसेंबर २०१४ ला मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, अशा प्रकल्पाला आग लागली आणि एक लाखाहून जास्त लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं. घरात दोन आठवड्यांचं पिण्याचं पाणी झाकून ठेवणं हा तिथला साधा संसारधर्म आहे. टाक्याही एकाऐवजी दोन लहान घ्या. एक नासली तरी दुसरी हाताशी राहते.

पाणी आलं की डास आले. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही. लांब बाह्या, अंगाला लावायचं डासरोधक आणि खिडक्यांना जाळ्या, हे दिवसासाठी. २००५-०६ मध्ये रीयुनियन बेटावर चिकुनगुन्याने जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पाडली होती. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी कुंडीखालची ताटली, रिकामी करवंटी, टाकून दिलेला टायर, बोटीवर अंथरलेल्या ताडपत्रीची घडी, सगळं पालथं करा. नुसतं पालथं करून पुरत नाही. ताटलीच्या कडेला, पाण्याच्या रेघेच्या किंचित वर बोट फिरवून बघा, काळ्या रव्यासारखं खरखरीत काही लागलं तर ती अंडी असू शकतात. ती कोरडी राहूनही काही महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. घासणीने घासायचं, मग धुवायचं. ताप आला तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रवाळाने खरचटलं तर तो साधा ओरखडा समजू नका. त्यात बारीक कण अडकतात आणि दमट हवेत जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. भरपूर स्वच्छ पाणी, साबण, मऊ ब्रश, जंतुनाशक, आणि जखम भरेपर्यंत समुद्रात जाणं बंद. उथळ पाण्यात जाड तळव्याचे बूट घालूनच चाला. स्टोनफिश या विषारी माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या वर न जाता, पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. बॉक्स जेलीफिश आढळणाऱ्या किनाऱ्यांवर डंखावर ओतायला व्हिनेगरची बाटली पिशवीत हवीच. मासे खाणाऱ्यांनी सिग्वाटेरा हे विषबाधेचं नाव पाठ करावं. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातलं विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं, विशेषतः बॅराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर यांच्यात. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही, वासाचवीलाही कळत नाही. कुठल्या भागातला कुठला मासा खायचा नाही हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक असतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारा. सनस्क्रीनही बघून घ्या. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक घटकांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, इतरत्रही असे नियम आहेत.

विजेचा दाब आणि प्लगचा प्रकार आधी विचारून घ्या. मारिया वादळानंतर कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावर सगळीकडे वीज परतायला सप्टेंबर २०१७ पासून जवळपास अकरा महिने गेले. लहानसं सौर पॅनल, बॅटरी, डोक्याला बांधायचा दिवा, सेलवर चालणारा रेडिओ एवढं असलं तरी माणूस तग धरतो. फोनचं तसंच. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या स्फोटात पॅसिफिकमधल्या टोंगा देशाची समुद्राखालची केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले. म्हणून रोख पैसे घरात ठेवा. आणि निघण्याआधी घरच्यांशी बसून ठरवा की किती दिवस फोन आला नाही तरी काळजी करायची नाही, त्यानंतर कोणाला विचारायचं, तो दुसरा क्रमांक कोणता. म्हातारे आईवडील मागे असतील तर हे बोलणं टाळू नका.

वादळाचा हंगाम बेटागणिक वेगळा. अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर, मॉरिशसच्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताला अगदी खेटून असलेल्या बेटांवर चक्रीवादळं क्वचितच येतात. हंगाम लागण्याआधी प्रत्येक खिडकीच्या मापाचं प्लायवूड कापून घ्या, भोकं पाडून ठेवा आणि प्रत्येक फळीवर रंगाने लिहा : 'स्वयंपाकघर, डावी'. वारा सुटल्यावर माप घ्यायला वेळ नसतो. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, वरून जाताना वारा एकदम पडतो, ऊनही पडू शकतं. तेव्हा बाहेर पडू नका, थोड्याच वेळात तोच वारा उलट दिशेने येतो.

भूकंपाची खूणगाठ याहून सोपी आहे. उभं राहता येत नाही इतका किंवा खूप वेळ हादरा बसला, किंवा समुद्र अचानक ओसरून तळ उघडा पडला, की त्सुनामी येणार असं समजून भोंग्याची वाट न पाहता उंचावर जायचं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण 'स्मोंग' या नावाने आज्यांनी नातवंडांना सांगत ठेवली होती. २६ डिसेंबर २००४ ला दहा मिनिटांच्या आत लाट आली, पण लोक आधीच डोंगर चढले होते. सुमारे ऐंशी हजारांच्या वस्तीत सात जण गेले. घर लावण्याआधी आपल्या दारापासून उंच जागेपर्यंत एकदा चालत जा, मग एकदा रात्री टॉर्च घेऊन जा. मुलांनाही बरोबर न्या.

पहिले दहा-पंधरा दिवस शरीराला द्या. जड कामं सकाळी नऊच्या आत आणि उन्हं उतरल्यावर. ओआरएसची पाकिटं हाताशी ठेवा. झोपाळा नारळाखाली बांधू नका. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश थोडाच टिकतो, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात अंधार होतो, म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर जाताना दिवा न्यायचा.

तिथली भाषा शंभर शब्दांपुरती तरी शिकून जा, आणि किनाऱ्याचा कुठला भाग कोणाचा, मासेमारीला कुठे बंदी आहे, कुठे चप्पल काढायची हे विचारून वागा. पहिला महिना नवलाईत जातो. तिसऱ्या महिन्यात एकटेपणा येतो, तेव्हा शेजारी लागतात. त्यासाठी एक पेटी बांधा : ड्रिलची पाती, सुई-दोरा, तार, पाण्यात धरणारा डिंक, सायकलचे पंक्चरचे तुकडे, बोटीच्या इंजिनाला चालतील असे दोन-चार स्पार्क प्लग. बेटावर प्रत्येकाचं काही ना काही मोडलेलं असतं. ही पेटी माळ्यावर टाकू नका. दाराजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवा.