जगात काही हललं की कंपनी कशी सांभाळायची
नवी मुंबईत महापे-रबाळेत कंपनी आहे आणि माल न्हावा शेवा बंदरावरून युरोपला जातो, तर हे कराच. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, १०-१४ दिवस जास्त, भाडंही वाढलं, आणि अशा वेळी डिस्पॅचला सगळं माहीत असतं पण सेल्सवाला कस्टमरला जुनीच तारीख देत बसतो. म्हणून दर सोमवारी परचेस, सेल्स, अकाउंट्स, डिस्पॅच सगळ्यांना एकत्र बसवा, अर्धा तास पुरे, आणि डिस्पॅचवाल्याला आधी बोलू द्या. वाईट बातमी आणली म्हणून ओरडू नका प्लीज, मग पुढची बातमी तुमच्यापर्यंत येतच नाही. दुसरा सप्लायर आत्ताच शोधून ठेवा. पेमेंट डॉलरमध्ये येणार असेल तर बँकेत फॉरवर्ड बुकिंगचं, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा रेट आजच ठरवून ठेवण्याचं, विचारून घ्या.