ब्रुअरीला निघण्याआधी परतीची गाडी ठरवा

सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यातून गोव्यातील एखाद्या लहान ब्रुअरीच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या) टेस्टिंग रूमला बिअर चाखायला सकाळी जाऊन रात्रीपर्यंत घरी परतण्याचा बेत असेल, तर तयारी शेवटाकडून सुरू करावी, म्हणजे परतीच्या गाडीपासून. जाण्याची चिंता कोणालाच करावी लागत नाही. मुंबईहून येणारी कोकणकन्या एक्स्प्रेस पकडून गोव्यात थिवीला उतरले की स्थानकाबाहेर टॅक्सी उभ्याच असतात. मात्र लहान ब्रुअऱ्या बहुधा औद्योगिक वसाहतीत नाहीतर एखाद्या वाडीच्या आतल्या रस्त्यावर असतात, आणि तिथे अंधार पडल्यावर रिकामी गाडी आपणहून फिरकत नाही. कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेल्याखेरीज मिळत नाही, दुचाकीवाले पायलट चौघांना नेऊ शकत नाहीत, आणि मोबाइलला रेंज असेलच याची खात्री कोणी देऊ नये. मागच्या खेपेला आमच्या मंडळींनी नोंदवही, ओळखपत्र, पाण्याच्या बाटल्या असे सारे काही नेले होते आणि परतीचे तेवढे ‘तिथे बघू’ म्हणून सोडले होते. आम्ही थिवीला पोहोचलो तेव्हा संध्याकाळची कोकणकन्या निघून गेली होती.

म्हणून, ज्या टॅक्सीने जाल त्याच चालकाला उतरतानाच परतीची वेळ, ठिकाण आणि भाडे सांगून ठेवावे आणि त्याचा क्रमांक एकाच्या नव्हे तर दोघांच्या फोनमध्ये असावा. ‘निघताना फोन करा, येतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. काही रक्कम आगाऊ देण्याची तयारी ठेवावी. त्यावरून घासाघीस करणाऱ्याने संध्याकाळचे भाडे विचारून पाहावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेव्हा गाडीची वेळ गेल्या वर्षीच्या आठवणीवर ठरवू नये, आणि टॅक्सी रेल्वेच्या वेळेच्या निदान तासभर आधी बोलवावी.

स्वतःची मोटार नेणार असाल तर न पिणारा कोण, हे घरीच ठरले पाहिजे. टेस्टिंग रूममध्ये बसल्यावर ठरवू म्हटले की ते ठरत नाही. ‘मी फक्त चव घेतो’ म्हणणारा माणूस चालक म्हणून धरू नये, कारण चवीचा हिशेब दिसतो तितका किरकोळ नसतो. १२० मिलिलिटरचे चार लहान ग्लास घेतले की ४८० मिलिलिटर बिअर होते. ती सरासरी पाच टक्क्यांची धरली तरी सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते, आणि शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. त्यात एखादा ग्लास आठ टक्क्यांचा निघाला तर हिशेब आणखी वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुचाकीलाही हेच लागू आहे, हे वेगळे सांगावे लागते याचे नवल वाटते. लिंबूपाणी, कडक कॉफी, समुद्रावरचा वारा यांपैकी कशानेही रक्तातले प्रमाण लवकर उतरत नाही.

परतीची गाडी ठरली? मगच पुढचे वाचावे.

दुसरे काम फोन करण्याचे, आणि तो आदल्या दिवशी करावा. लहान ब्रुअरीत माणसे मोजकीच असतात. ज्या दिवशी मोठा घाणा शिजायला लागतो किंवा कॅन भरण्याचे काम चालते, त्या दिवशी पाहुण्यांना आत फिरवायला कोणी मोकळे नसते. टेस्टिंग चालू आहे का, ब्रुअरी दाखवतात का, खायला काही मिळते का, आणि सध्या नळावर कोणत्या बिअर आहेत, एवढे विचारावे. शेवटचा प्रश्न बहुतेकजण गाळतात आणि मग एखाद्या विशिष्ट बिअरसाठी जाऊन ती संपली म्हणून हिरमुसतात. एल प्रकारची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते, पण लागर थंडाव्यात सावकाश आंबते आणि मुरते, तिला महिना-दीड महिना सहज लागतो. टाक्या मोजक्याच असल्यामुळे एक संपली की दुसरी लगेच हजर होत नाही. तारीख ठरवताना गोव्यात मतदान आहे का तेही पाहावे, कारण मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मद्यविक्री बंद असते. २ ऑक्टोबर तर कोणी निवडू नये. वयाची अट २१ ची आहे. जन्मतारीख असलेले ओळखपत्र प्रत्येकाने आपापले घ्यावे. रोख थोडी असू द्यावी.

जेवणाबाबत मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण कोकणातला माणूस गोव्यात पाऊल टाकले की आधी माशांची थाळी शोधतो. टेस्टिंगपूर्वी ती नको. तिरफळ घातलेले बांगड्याचे सार जिभेला काही काळ बधिर करून सोडते, सोलकढीतली लसूण आणि आंबटपणा तोंडात रेंगाळतो, आणि मग पिल्सनरसारख्या हलक्या बिअरमधला धान्याचा गोडवा किंवा गव्हाच्या बिअरमधली धणे आणि संत्र्याची साल यांची झाक कितीही डोळे मिटून शोधली तरी सापडत नाही. रिकाम्या पोटीही जाऊ नये. अल्कोहोल झपाट्याने चढते आणि तिसऱ्या ग्लासनंतर सगळ्याच बिअर उत्तम लागू लागतात. घावणे, उकडलेले बटाटे, दहीभात असे काहीतरी सौम्य तासदीडतास आधी खावे. पान, सुपारी आणि तंबाखू त्या दिवसापुरती दूर ठेवावी. टेबलावर साधी पोई किंवा पाव आणि भरपूर पाणी मागून घ्यावे. शेंगदाणे आणि तिखट चकल्या नंतर.

वासाचेही असेच आहे. अत्तर, उग्र सेंट, केसांत सुरंगीचा वळेसर आणि हातापायांना चोपडलेले ओडोमॉस यांच्या संगतीत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास कोणाला येणार? मच्छर असतातच, त्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पायात चप्पल नको, न घसरणारे बंद बूट हवेत. ब्रुअरीची जमीन सतत ओली असते, टाक्या धुण्यासाठी कढत पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरतात, आणि आंबवण्याच्या टाकीच्या तोंडापाशी गुदमरवणारा कर्बवायू साठतो. तिथे डोके घालून वास घेण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

या टप्प्यावर चालकाला एक फोन करून वेळ पक्की करून घ्यावी. अतिरेक वाटला तरी करावा.

प्रत्यक्ष चव घेताना क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा, पण रंगावर विसंबू नये. काळीकुट्ट स्टाउट साडेचार टक्क्यांची असू शकते आणि सोनेरी दिसणारी डबल आयपीए (आयपीए म्हणजे हॉप्स जास्त घातलेली कडवट बिअर) आठ टक्क्यांची. म्हणून प्रत्येक ग्लासबरोबर अल्कोहोलचे प्रमाण विचारून तो कडूपणा आणि अल्कोहोल यांच्या चढत्या क्रमाने मांडावा. कडवट आयपीए आधी घेतली तर नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. कोकम किंवा इतर फळे घातलेली आंबट बिअर असेल तर ती मध्ये घुसडू नये, शेवटाकडे ठेवावी. आधी वास घ्यावा, मग घोट. बर्फासारख्या गार बिअरला वास नसतो, तेव्हा स्टाउट दहा-बारा अंशांपर्यंत येऊ देण्याइतका धीर धरावा. चार ग्लास पुरतात. पाचव्याची नोंद दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. नोंदी तिथल्या तिथे लिहाव्यात. बनवणाऱ्याला प्रश्न जरूर विचारावेत, पण तो कामात असेल तर आवरते घ्यावे.

फोनची बॅटरी वाचवावी, चालकाला बोलवायचे आहे. निघण्यापूर्वी पाणी, स्वच्छतागृह, बिल.

राहता राहिली बरोबर नेण्याची गोष्ट. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेले कॅन महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय सीमेपार आणणे गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, आणि ‘दोनच आहेत’ ही सबब तिथे चालत नाही. रेल्वेने आणले म्हणून कायदा बदलत नाही. गोव्यात मुक्काम असेल तरच विकत घ्यावेत, बर्फाच्या पेटीत ठेवावेत, कारण पाश्चराइझ न केलेली बिअर उकाड्यात लवकर बिघडते, आणि बाटली असेल तर तिला ऊन लागू देऊ नये. मुक्काम नसेल तर घेऊ नयेत.