हिमवादळात अडकल्यास काय करावे?

हिमवादळात नुसत्या थंडीपेक्षा वारा आणि त्याने उडवलेला बर्फ अधिक घातक ठरतो. ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा आणि ४०० मीटरहून कमी दृश्यमानता ही स्थिती सलग ३ तास टिकली, तर अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तिला हिमवादळ म्हणते. अशा वेळी रस्ता, कुंपण आणि आकाश एकच पांढरे होऊन जाते आणि माणूस स्वतःच्या दारापासून हाकेच्या अंतरावर वाट चुकू शकतो. बर्फाळ प्रदेशातले जाणते रहिवासी इशारा मिळताच बाहेरची कामे आवरती घेतात. पाहुण्यांना मात्र पुढच्या मुक्कामाची घाई असते. आरक्षणाचे पैसे बुडाले तरी चालतील, पण इशारा मिळाल्यावर प्रवासाला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात किमान ३ दिवस पुरेल एवढे पाणी, न शिजवता खाता येणारे अन्न, नेहमीची औषधे आणि विजेरी असावी. वीज गेल्यावर सर्वांनी एकाच खोलीत राहावे, म्हणजे ऊब टिकते. कोळशाची शेगडी मात्र घरात पेटवू नये आणि जनरेटर बाहेर, दारेखिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब ठेवावा.

गाडी रस्त्यात रुतली, तर ती सोडून मदत शोधायला निघू नये, कारण शोधपथकाला एकट्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. आरशाला किंवा अँटेनाला भडक रंगाचे फडके बांधावे. इंजिन सतत चालू न ठेवता तासातून सुमारे १० मिनिटे चालवावे आणि प्रत्येक वेळी ते सुरू करण्यापूर्वी खाली उतरून, एक हात गाडीला धरून, सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ उकरून काढावा. ऊब सोडून पुन्हा पुन्हा उतरणे जिवावर येते, तरीही यात हयगय नको. ते तोंड बुजले की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो; त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, त्यामुळे डोके जड होऊन गुंगी आली तरी आतल्यांना तो थकवाच वाटतो. इंजिन चालू असेपर्यंत वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. तहान लागल्यास बर्फ तसाच खाऊ नये, तो वितळवून प्यावा. नाहीतर तो वितळवण्यात शरीराचीच उष्णता खर्ची पडते.

सुती कपडा भिजला की ऊब देत नाही, म्हणून लोकरीचे पातळ थर एकावर एक घालावेत आणि घाम येण्याआधीच एखादा थर उतरवावा. बोटे, नाक किंवा कान पांढरट पडून बधिर झाले, तर तो हिमदंश समजावा. तो भाग चोळू नये आणि विस्तवाजवळही धरू नये, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. निवाऱ्यात पोहोचल्यावर, तो भाग पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच, कोमट पाण्यात बुडवावा. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बोलणे अडखळते, तोल जातो. पुढे पुढे कुडकुडणेही थांबते. त्याला सुधारणा समजू नये, उलट तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात शरीर अधिक उष्णता गमावते.

वादळ ओसरल्यावर दारापुढचा बर्फ काढण्याची घाई होते. ओला बर्फ कल्पनेपेक्षा फार जड असतो आणि थंडीने आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे हृदयावर या श्रमाचा अधिकच ताण येतो. तेव्हा फावड्याने बर्फ उचलण्याऐवजी शक्य तितका ढकलावा, दर थोड्या वेळाने थांबावे, आणि हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडेच सोपवावे. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर फावडे तिथेच टाकून आत यावे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी.