छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर स्वतंत्र फायरवॉल हवी का?

राउटरमध्ये फायरवॉल (नको असलेली नेटवर्क वाहतूक अडवणारी यंत्रणा) असताना सर्व्हरवर आणखी एक कशासाठी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते ती हवीच. राउटर इंटरनेटवरून येणारी वाहतूक अडवतो; पण शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप सर्व्हरशी बोलतो ते बहुधा स्विचमधून परस्पर, आणि राउटरच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर एका बाधित संगणकावरून त्याच नेटवर्कमधल्या इतरांकडे फाइल शेअरिंगच्या 445 क्रमांकाच्या पोर्टमधून (पोर्ट म्हणजे एखाद्या सेवेचे क्रमांकित दार) असेच पसरले होते. अर्थात फाइल सर्व्हरला हे पोर्ट उघडे ठेवावेच लागते, त्यामुळे वेळेवर पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) बसवण्याला फायरवॉल हा पर्याय नव्हे.

सर्वप्रथम सर्व्हरवर कोणकोणती पोर्ट ऐकत आहेत, म्हणजे जोडणीसाठी खुली आहेत, ते पाहावे. लिनक्सवर 'एसएस' (ss) ही आज्ञा ती यादी देते. डेटाबेस वापरणारे सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर असूनही मायएसक्यूएल या डेटाबेसचे 3306 हे पोर्ट सगळ्या नेटवर्कला खुले असल्याचे आढळले, तर नियम लिहिण्याआधी ती सेवा 127.0.0.1 या पत्त्यापुरती, म्हणजे त्याच यंत्रापुरती, मर्यादित करावी.

उबुंटू या लिनक्सवर यूएफडब्ल्यू (ufw) हे फायरवॉलचे साधन पुरेसे आहे. येणारी जोडणी मुळात नाकारावी, जाणारी चालू द्यावी, आणि मग 445 फक्त ऑफिसच्या पत्त्यांना, तर दूरवरून लॉगिन करण्याच्या एसएसएचचे 22 फक्त देखभाल करणाऱ्याच्या संगणकाला उघडावे. एसएसएचचा नियम फायरवॉल सुरू करण्यापूर्वीच लिहावा, कारण तो राहून गेला तर दूरवरून पुन्हा लॉगिन करता येत नाही आणि कीबोर्ड-मॉनिटर घेऊन सर्व्हरपाशी जावे लागते. म्हणूनच फायरवॉल सुरू केल्यावर चालू असलेले सत्र बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होते का, हे आधी तपासावे.

विंडोज सर्व्हरवर फायरवॉल मुळातच चालू असते. एखादा प्रोग्राम चालेना म्हणून ती सरसकट बंद करण्याची सवय फार घातक आहे. त्या प्रोग्रामपुरता नियम लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

शेवटची चाचणी ऑफिसमधल्या दुसऱ्या संगणकावरून एनमॅप या उघडी पोर्ट शोधणाऱ्या साधनाने करावी. सर्व्हरवरून स्वतःचीच तपासणी केल्यास ती वाहतूक आतल्या आत फिरते आणि सगळे उघडे दिसते. डॉकर (प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) वापरत असाल तर या चाचणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कंटेनरची प्रकाशित (बाहेरून वापरण्यासाठी जाहीर केलेली) पोर्ट डॉकर स्वतःच्या नियमांनी उघडतो आणि यूएफडब्ल्यूने नाकारलेले पोर्टही बाहेरून लागते. अशी पोर्ट कंटेनरच्या व्याख्येतच 127.0.0.1 ला बांधावीत.