अँटिगनी बाहुल्यांतून: आठवी-नववीच्या वर्गात ग्रीक शोकांतिका कशी शिकवावी

शाळेत बाहुलीनाट्य म्हटलं की दात घासा, झाडं लावा, पाणी वाचवा असेच विषय डोळ्यांसमोर येतात. शोकांतिकेसाठी बाहुली फार कमी शिक्षक वापरतात. खरं तर हे माध्यम या प्रकाराला चपखल बसतं. ग्रीक नट मुखवटा घालून उभे राहत, त्यांचा चेहरा प्रयोगभर बदलत नसे. बाहुलीचाही बदलत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर दुःखाचा अभिनय करायला सांगितलं तर तो लाजतो किंवा विनोद करतो. बाहुलीची मान हळू खाली आणायला सांगितलं तर तो जीव लावून ते करतो. आणि शोकांतिकेत मुलांना दिसायला हवा तो निर्णयाचा क्षण. तो दाखवायला मान वळवणं आणि थांबणं एवढंच पुरतं.

इथे उदाहरण घेतलं आहे सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’चं (इ.स.पू. ४४१च्या सुमारास). मूळ नाटक जेमतेम १३५० ओळींचं, बोलणारी पात्रं आठ, आणि मृत्यू सगळे रंगमंचाबाहेर. शिवाय पेच मुलांना लगेच कळतो: मेलेल्या भावावर अंत्यसंस्कार करायचे की राजाची बंदी पाळायची? कोणाच्या घरात त्यावर मत नसतं? आधी नातं फळ्यावर काढा. राजा क्रेऑन हा अँटिगनीच्या आईचा भाऊ, म्हणजे तिचा सख्खा मामा. हेमॉन तिचा मामेभाऊ, आणि त्याच्याशीच तिचं लग्न ठरलेलं. तिचे दोन भाऊ, इटिओक्लिस आणि पॉलिनायसिस, थीब्जच्या वेशीवर एकमेकांना मारून पडले. एकाला मानाने पुरलं. दुसरा शहरावर चालून आला म्हणून त्याचं प्रेत उघडं टाकायचा हुकूम निघाला. नाटकाला एवढी पूर्वकथा पुरे. तिच्या बापाची, इडिपसची, सगळी कहाणी सांगत बसलात तर पहिली तासिका त्यातच जाईल.

३५ मिनिटांच्या नऊ तासिका धरा. एक गोष्टीला, एक डोकी करायला, मध्ये वाळण्यासाठी शनिवार-रविवार, मग एक रंगाला, एक अंगाला, एक नुसत्या हालचालीला, तीन प्रसंगांना आणि शेवटची प्रयोग व चर्चेला. हालचालीची तासिका वाचवायचा मोह होतो. ती वाचवू नका. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

बाहुली कोणती?

कळसूत्री बाहुली शिकायला वर्षं लागतात. हातमोजा बाहुली पटकन होते, पण तिचे हात आखूड आणि चाल उड्या मारणारी, म्हणून ती फार्सला चांगली. या नाटकासाठी टेबलावर चालवायची बाहुली करा. मानेमागे मूठ असते, चालवणारा मागे उघड उभा राहतो. उंच पडदा लागत नाही, हात वर धरून खांदे दुखत नाहीत. मुलगा बाहुलीकडे बघत असला की प्रेक्षकही बाहुलीकडेच बघतात.

एका बाहुलीला लागतं ते असं:

- जुनी वर्तमानपत्रं आणि थोडा ब्राउन पेपर
- १२ मि.मी. जाडीची, १५ सें.मी. लांबीची लाकडी दांडी
- खोक्याचा पुठ्ठा, १८ × ५ सें.मी.
- मांजरपाट किंवा जुनी सुती साडी, ६० × ९० सें.मी.
- सायकलचा एक स्पोक, सुतळी, फेविकॉल
- मूठभर कोरडी वाळू आणि पोस्टर कलर

खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओता, नाहीतर गुठळ्या होतात. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. त्याऐवजी खळ लागेल तेवढीच त्या दिवशी शिजवा.

वर्तमानपत्र चुरगळून दहा सें.मी.चा घट्ट गोळा करा आणि सुतळीने बांधा. त्यावर दोन सें.मी. रुंदीच्या फाडलेल्या पट्ट्यांचे चार थर द्या. पट्ट्या कात्रीने कापू नका. फाडलेली कड बसते, कापलेली उठून दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा ब्राउन पेपरचा असा आलटून पालटून द्या, म्हणजे कुठे राहून गेलं ते कळतं. नाक किमान दोन सें.मी. पुढे काढा आणि भुवईचा कठडा ठळक ठेवा. सपाट चेहऱ्यावर सावली पडत नाही, आणि या चेहऱ्याचा सगळा भाव सावलीतून येतो: मान झुकली की भुवईखाली अंधार होऊन चेहरा खिन्न दिसतो, उचलली की उजळतो. म्हणून हसरं किंवा रडकं तोंड रंगवायचं नाही. ओठ किंचित उघडे आणि सरळ ठेवा. रंग मॅट हवा. वार्निश मारलं तर दिव्याखाली टक्कल चमकतं आणि हशा पिकतो. पावसाळ्यात डोकं वाळायला चार-पाच दिवस लागतात. ओलं असताना रंगवलं तर आत बुरशी धरते.

मूठ डोक्याच्या मागून, तिरकी खाली येईल अशी बसवा. गोल भोकात गोल दांडी घातली की ती हमखास फिरते आणि ऐन प्रसंगात अँटिगनी प्रेक्षकांकडे पाठ करते. दांडीचं आतलं टोक चाकूने दोन बाजूंनी चपटं करा, आरपार आगपेटीची काडी घाला, मग फेविकॉल लावून वर दोन थर कागद चढवा.

खांद्याचा पुठ्ठा डोक्याला चिकटवू नका. मधे तीन सें.मी.चं भोक पाडा आणि दोन सुतळ्यांनी तो हनुवटीखाली लोंबता ठेवा. मान आणि खांदे वेगवेगळे वळले पाहिजेत, नाहीतर बाहुलीला मागे वळून बघताच येत नाही. पाय नकोत, ग्रीक झगा जमिनीपर्यंत असतो. खालच्या घडीत वाळूची बारीक पुरचुंडी शिवा, पन्नास ग्रॅम पुरे. कापड तेवढ्याने सरळ पडतं. हात एकच करा, उजवा, पुठ्ठ्याचा, मनगटाला स्पोक. स्पोकच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका.

क्रेऑनला काळ्या भुवया आणि दुष्ट मिशा काढायला मुलं उत्सुक असतात. तिथे ठाम राहा. मामा-भाचीचे चेहरे एकाच वळणाचे करा, तेच नाक, तीच हनुवटी. पुढे दोघांचा हट्टही एकाच जातीचा निघतो, आणि ते मुलांना आपोआप दिसतं.

हालचाल

पहिली दहा मिनिटं मुलांना बाहुल्यांशी मनसोक्त खेळू द्या: मारामारी, नाच, सगळं. हे हसू इथे निघालं नाही तर दफनाच्या प्रसंगात निघतं.

मग चार गोष्टी, याच क्रमाने. एक, झग्याची कड टेबलाला टेकलेलीच राहील. तरंगणारी बाहुली भुतासारखी नाहीतर विदूषकासारखी दिसते. दोन, ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे नाकाचं टोक. तीन, श्वास: मूठ सेंटिमीटरभर वर, मग सावकाश खाली. चार, जो बोलतो तोच हलेल, आणि तोही वाक्यात एकदा-दोनदा. दर अक्षराला डोकं हलवणं ही सगळ्यांत मोठी खोड आहे. मुलांना वाटतं, न हलवल्यास बाहुली बोलतेय हे कळणार नाही. इतर बाहुल्या खरोखर स्थिर असतील तर कळतं.

प्रत्येक बाहुलीला दोघं द्या, एक चालवणारा आणि एक बोलणारा. लाजरी मुलं चालवण्यात फार छान रमतात. दोघांचा मेळ बसत नसेल तर बोलणाऱ्याने ऐकू येईल असा श्वास घ्यावा आणि त्या श्वासावर चालवणाऱ्याने मान उचलावी. आवाज मुलांचा स्वतःचाच हवा. पातळ, नाकातला ‘बाहुलीचा आवाज’ पहिल्या दिवसापासून बंद.

पाच प्रसंग आणि एक अपवाद

पंचवीस मिनिटांत बसेल अशी संहिता वर्गानेच बोली मराठीत लिहावी: अँटिगनी आणि तिची बहीण यांची पहाटेची भेट, हुकूम आणि पहारेकरी, अँटिगनी राजासमोर, हेमॉन आणि बाप, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस, मग दूताचं निवेदन आणि शेवट.

पहारेकऱ्याचा प्रसंग मूळ नाटकातच विनोदी आहे. वाईट बातमी सांगायला घाबरून तो आढेवेढे घेतो. ‘हलू नका’ हा नियम फक्त त्याला लागू नाही. त्याची बाहुली लटपटू द्या, वर्गाला हसू द्या. पुढच्या शांततेला त्याने धार येते.

प्रेतावर माती टाकणं मूळ नाटकात दिसत नाही, पहारेकरी ते सांगतो. वर्गासाठी मात्र बहिणींच्या प्रसंगानंतर मिनिटभराचा मुका तुकडा घालावा. पॉलिनायसिस म्हणजे घडी केलेलं पांढरं कापड, त्याच्याभोवती ताणून चिकटवलेला ब्राउन पेपर. बाहुलीच्या तळव्याखाली कागदाची छोटी पन्हळ चिकटवा, तिच्यात चमचाभर चाळलेली कोरडी वाळू ठेवा. स्पोक वळवला की वाळू सरकते आणि कागदावर पडताना स्पष्ट ऐकू येते. रांगोळी वापरू नका, ती उडते आणि पुढच्या रांगेला ठसका लागतो. वाळू दमट असेल तर पन्हळीतच चिकटते. सकाळी तव्यावर भाजून घ्या.

हेमॉन आणि क्रेऑनचा वाद मूळ नाटकात एकेका ओळीच्या टोलवाटोलवीने चढत जातो. त्याचा भाव मराठीत असा येईल:

क्रेऑन: राज्य कसं करायचं ते मला हे शहर शिकवणार?
हेमॉन: बाबा, आता तुम्हीच पोरासारखं बोलताय.
क्रेऑन: शहर राजाचंच असतं ना?
हेमॉन: ओसाड वाळवंटावर तुम्ही एकट्याने छान राज्य कराल.

दर ओळीला दोन्ही बाहुल्या बोटभर जवळ येतात. शेवटच्या ओळीनंतर पाच अंक मनात मोजायचे, तोवर कोणीही हलायचं नाही. ही पाच अंकांची जागा क्रेऑनला मागे फिरण्यासाठी मिळालेली संधी आहे, हे चालवणाऱ्याला सांगून ठेवा. तो मान हेमॉनकडे वळवू लागतो आणि अर्ध्यावरून परत आणतो. बस.

कोरस म्हणजे एकत्र बोलणारा समूह, इथे शहरातले वृद्ध. त्यात सोफोक्लिसच्या काळी पंधरा जण असत. पुठ्ठ्याच्या पाच पट्ट्यांवर तीन-तीन वृद्धांचे चेहरे काढा, पाच मुलं पुरतात. सगळे चेहरे एकदम वळले पाहिजेत. सुरुवातीला ते क्रेऑनकडे असतात. हेमॉनच्या भाषणावर कोरस दोघांचंही पटतं म्हणतो, तेव्हा ते मधोमध बघतात. टायरेसियस गेल्यावर मात्र ते राजाकडे सरळ रोखून पाहतात. शहराचं मत कसं सरकलं हे नुसत्या वळण्यातून कळतं.

मृत्यू

अँटिगनी, हेमॉन आणि क्रेऑनची बायको युरिडिसी तिघंही स्वतःचा जीव घेतात. किशोरवयीन वर्गात हे जबाबदारीने हाताळायला हवं. कसा घेतला, याचं वर्णन संहितेत नको, दृश्य तर नकोच. ग्रीक रंगभूमीची बातमीतून सांगण्याची रीत इथे उपयोगी पडते. मुख्याध्यापकांना आणि समुपदेशकांना आधी कल्पना द्या. चर्चेत कोणी अस्वस्थ दिसलं तर नंतर एकट्याला भेटा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

दूताच्या निवेदनासाठी पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथीची पद्धत उत्तम. कुडाळजवळच्या या गावात कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांबरोबरच एकामागून एक चित्रं दाखवत कथा गाऊन सांगण्याची परंपरा आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या शैलीची नक्कल करू नका, रीत तेवढी घ्या. अर्ध्या कार्डशीटवर चार स्थिर चित्रं: नव्याने घातलेला मातीचा ढीग, अँटिगनीला जिथे कोंडलं त्या गुहेचं दगड काढलेलं तोंड, तिथे पाठमोरा क्रेऑन, राजवाड्याचं बंद दार. एकाने चित्र धरायचं, दुसऱ्याने सांगायचं. बाहुल्या तेवढा वेळ टेबलावर निजलेल्या.

मग क्रेऑन येतो. मूळ नाटकात तो मुलाचा देह घेऊन येतो. इथे क्रेऑन चालवणाऱ्याच्याच दुसऱ्या हातात हेमॉनची सैल बाहुली द्या. ती आपटू नये, हळूच टेबलावर ठेवावी. शेवटी चालवणारा क्रेऑनच्या मुठीवरचा हात काढून एक पाऊल मागे सरतो.

प्रकाशासाठी खोलीतले ट्यूबलाइट बंद, एका बाजूने पिवळ्या उजेडाचा एकच टेबललॅम्प, बाहुलीच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. समोरून दिवा लावला तर भुवयांची सारी मेहनत फुकट जाते.

चर्चा

‘या नाटकाचं तात्पर्य काय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी एक बारीक जागा दाखवा. टायरेसियस गेल्यावर कोरस सांगतो, आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो. का? कोणी म्हणेल देवाची भीती, कोणी म्हणेल मुलीसमोर जायची लाज. ज्याचं जे मत असेल त्याने बाहुली हातात घेऊन ते दाखवावं: कुठे थांबली, कुठे बघितलं.

दुसरा उपाय अदलाबदलीचा. तालमीच्या तिसऱ्या तासिकेला अँटिगनीचा गट क्रेऑन चालवेल आणि क्रेऑनचा अँटिगनी. ‘ती बरोबर, तो वाईट’ एवढ्यावर अडकलेल्या वर्गाला याने फार फरक पडतो, कारण शहर नुकतंच युद्धातून वाचलं आहे हे क्रेऑनचं म्हणणं आता त्यांना स्वतःच्या तोंडाने पटवावं लागतं.

गुण द्यायचेच असतील तर बाहुलीच्या देखणेपणाला देऊ नका. प्रत्येकाने अर्धं पान लिहावं: माझी बाहुली कुठे थांबली आणि का. प्रयोगानंतर डोकी मुठीला दोरी बांधून टांगून ठेवा, पेटीत एकावर एक रचली तर नाकं चेपतात. झगे उसवून धुऊन घेतले की पुढच्या वर्षी तीच आठ डोकी दुसऱ्या नाटकाला चालतात.