घरची देवपूजा कोणत्या वेळी करावी?

फोंड्याला आमच्या घरी सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात पूजा होते. जमत असेल तर तुम्हीही हीच वेळ धरा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. तो जपाला उत्तम, पण फुलं उजेडातच काढावीत. गोव्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. तेव्हा पंचांग पाहूनच वेळ ठरवा.

आधी आंघोळ, मग परसातली जास्वंद, अबोली, तुळस. सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत, म्हणून संध्याकाळची पानं सकाळीच काढून ठेवा. लवकर कामावर जाणाऱ्यांनी गंध-फूल वाहून निघावं. नैवेद्य घरातलं दुसरं कुणी दुपारी दाखवेल.

तिन्हीसांजेचा वृंदावनापुढचा दिवा मात्र चुकवू नका. पाऊस असला तर ओसरीवर लावा.